हंसाच्या पिसावर मिळालेली नोकरी

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात सोळाव्या शतकात एक तरुण लेक्चरर होता. ग्रीक शिकवायचा. अक्षर मोत्यासारखं, आणि लॅटिन इतकं सफाईदार की युनिव्हर्सिटीची महत्त्वाची पत्रं त्याच्याकडूनच लिहून घेतली जायची. फक्त एक खोड होती. पुस्तकं मिटली की हा गडी धनुष्यबाण घेऊन मैदानावर. ग्रीकच्या मास्तराला हे शोभतं का, एवढा वेळ वाचनात घातला असता तर, वगैरे कुजबुज व्हायचीच. उत्तर म्हणून त्याने काय करावं? त्याने त्या खोडीवरच पुस्तक लिहिलं, ते थेट राजाच्या हातात दिलं आणि पेन्शन पदरात पाडून घेतलं.

त्याचं नाव रॉजर अ‍ॅस्कम. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी ज्याच्याकडे ग्रीक-लॅटिन शिकली तो हा. बी.एड.च्या अभ्यासात शिक्षणशास्त्राचा इतिहास असेल तर त्याचं नाव तुमच्या वाचनात आलंही असेल. पण शिक्षणावरचं त्याचं पुस्तक नंतरचं. आधी आलं ते ‘टॉक्सोफिलस’, म्हणजे धनुष्यावर प्रेम करणारा. आणि त्यात बाणाला कुठलं पीस लावावं यावर हा माणूस जे बोलतो ते वाचून आजही थक्क व्हायला होतं.

अ‍ॅस्कम जन्मला साधारण १५१५ साली, उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमधल्या कर्बी विस्क नावाच्या खेड्यात. वडील एका उमरावाच्या घरी कारभारी. घर खाऊनपिऊन बरं, पण पोराला मोठ्या शाळेत घालण्याइतका पैसा नाही. त्या काळी अशी मुलं बड्या घरी राहायला जायची. तिथेच शिक्षण, तिथेच संस्कार. रॉजर गेला सर हम्फ्री विंगफिल्ड या वकील गृहस्थांकडे. विंगफिल्डने घरातल्या मुलांना पुस्तकं तर दिलीच, शिवाय लंडनहून परतताना हा माणूस मुलांसाठी धनुष्यं आणि बाण घेऊन यायचा. मग स्वतः त्यांच्याबरोबर शेतात जाऊन बघत उभा राहायचा. जो छान नेम धरेल त्याला सगळ्यात चांगलं धनुष्य. जो वेडावाकडा मारेल त्याची बाकीच्यांनी यथेच्छ टर उडवायची, तो सुधारेपर्यंत. अ‍ॅस्कमने हे पुढे मोठ्या कृतज्ञतेने लिहून ठेवलंय. ग्रीक आणि धनुष्य या दोन्ही गोष्टी त्याला एकाच अंगणात मिळाल्या. एक अभ्यास आणि दुसरी टाइमपास, अशी वाटणी त्याच्या डोक्यात कधी झालीच नाही.

पंधराव्या वर्षी, १५३० मध्ये, तो सेंट जॉन्सला आला. तिथे जॉन चीक नावाचा त्याच्याहून थोडासाच मोठा, ग्रीकचा वेडा शिक्षक भेटला आणि रॉजरचं आयुष्य ठरून गेलं. १५३४ साली बी.ए. झालं. त्याच सुमारास फेलोशिप मिळायची होती, म्हणजे कॉलेजात कायमची जागा, राहणं-जेवण आणि थोडा पगार. नेमकं तेव्हाच हा मुलगा चारचौघांत पोपच्या विरोधात काहीतरी बोलून बसला. राजा आठवा हेन्री रोमशी काडीमोड घेत होता, पण कॉलेजातली जुनी मंडळी अजून जुन्याच बाजूला होती. फेलोशिप जवळजवळ गेलीच. कॉलेजचे प्रमुख निकोलस मेटकाफ यांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं आणि आतून मात्र सूत्रं हलवून त्याची निवड होईल असं पाहिलं. मेटकाफ स्वतः फार मोठे विद्वान नव्हते, पण शिकणारा पोरगा ओळखायचे. असा एखादा प्राचार्य ज्याला मिळतो त्याचं नशीब थोर!

पुढची काही वर्षं शिकवण्यात गेली, आणि त्यात आजारपणही आलं. चौथ्या दिवशी उलटून येणाऱ्या तापाने त्याला इतकं खिळवलं की बराच काळ यॉर्कशरच्या घरी काढावा लागला. पैसा कायम कमी. दहा पत्रांतल्या निम्म्यांत कुणाकडे तरी काहीतरी मागणं. या सगळ्यातून १५४५ चं ते पुस्तक आलं.

पुस्तकाची मांडणी संवादाची. एक धनुष्यवेडा, म्हणजे टॉक्सोफिलस, आणि एक पुस्तकवेडा, फिलोलॉगस. पुस्तकवेडा शंका काढतो, धनुष्यवेडा उत्तरं देतो. दिवसभर वाचून बुद्धी बोथट होते, तिला मोकळी हवा हवी, आणि मोकळ्या हवेतल्या खेळांत तिरंदाजीसारखा खेळ नाही, हा पहिल्या भागाचा सूर. मधेच तो तंतुवाद्यांनाही टोला हाणतो. वाद्यं मन मऊ करतात म्हणे. हॉस्टेलमधल्या गिटारवाल्यांनी मनावर घेऊ नये. फासे आणि पत्ते यांच्यावर तर त्याचा खास राग. जुगाराने माणसाचं काय काय वाटोळं होतं याची पानंच्या पानं आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि हे सगळं इंग्रजीत. आज त्यात विशेष वाटणार नाही, पण तेव्हा शिकलेल्या माणसाने गंभीर विषयावर लिहायचं तर लॅटिनमध्ये, असा रिवाज होता. अ‍ॅस्कमने स्पष्टच सांगून टाकलं की लॅटिन किंवा ग्रीकमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि माझ्या नावालाही ते बरं दिसलं असतं. पण धनुष्य ज्यांच्या हातात आहे ती माणसं इंग्रजी बोलतात, म्हणून इंग्रजी. कॉलेजात विषय एका भाषेत आणि गप्पा दुसऱ्या भाषेत असं रोज जगणाऱ्यांना यातली गोम वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या भागात तो प्रत्यक्ष सामानाला हात घालतो. धनुष्य, दोरी, हातमोजा, बाण. बाणाच्या काडीसाठी तो पंधरा प्रकारची लाकडं मोजतो. आणि मग येतं पीस.

इथे थोडं थांबू, कारण मुळात बाणाला पीस लागतंच कशाला हे कळल्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. नुसती काडी धनुष्यातून सोडली तर ती हवेत कोलांट्या खाते. मागच्या टोकाला पिसं लावली की हवा तिथे अडते, शेपूट मागे खेचली जाते आणि टोक पुढे राहतं. पीस नैसर्गिकच किंचित वळलेलं असतं, त्याची एक बाजू गुळगुळीत आणि एक खरखरीत. त्यामुळे बाण स्वतःभोवती फिरतोही, आणि फिरणारी वस्तू सरळ जाते. पक्ष्याच्या डाव्या पंखाची पिसं एका बाजूला वळतात, उजव्याची दुसऱ्या. म्हणून एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच पंखाच्या बाजूची हवीत. दोन्हींची मिसळ केली की एक पीस बाणाला इकडे फिरवणार, दुसरं तिकडे.

आणखी एक गोष्ट आहे. जुन्या लाकडी धनुष्यात बाण धनुष्याच्या अंगाला घासूनच बाहेर पडतो. पीस मऊ असल्यामुळे तिथे ते दबतं आणि पुढच्या क्षणी पुन्हा उभं राहतं. प्लॅस्टिकचं पातं असतं तर धडकून बाणच वाकडा उडाला असता. २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झालेले साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ज्या कंपाउंड प्रकारात खेळतात, तिथे बाणाच्या मागे सहसा प्लॅस्टिकचीच पाती असतात. पण त्या धनुष्यावर बाणाला वाट मोकळी करून देणारी यंत्रणा असते. हाताच्या मुठीवरून बाण सोडणाऱ्याला आजही पीसच लागतं. पारंपरिक तिरंदाजीच्या दुकानात आज बहुतेक टर्कीची रंगवलेली पिसं मिळतात, आणि पाकिटावर डावा पंख की उजवा पंख हे छापलेलं असतं.

अ‍ॅस्कमच्या इंग्लंडात मात्र पीस म्हणजे गूजचं. गूज म्हणजे फार्महाउसच्या दारात लांब मान पुढे काढून अंगावर धावून येतो तो पाळीव हंस. कवितेतला राजहंस वेगळा. या हंसाचं इंग्लंडच्या लष्करात काय वजन होतं बघा: १४१७ साली पाचव्या हेन्रीने फ्रान्सवरच्या स्वारीसाठी हुकूम काढला होता की प्रत्येक हंसाच्या पंखातली सहा-सहा पिसं सरकारजमा करा. बंदुकीच्या दारूची गोदामं असतात तशी पिसांची बेगमी.

पण हंस हा शब्द उच्चारून अ‍ॅस्कमचं समाधान होत नाही. पुस्तकवेडा त्याला विचारतो की हंसाशिवाय दुसरं पीस नाही का? मोराचं काय? मोरपीस तेव्हा फॅशनमध्ये होतं, आणि जुन्या काळापासून होतं. चौदाव्या शतकातल्या चॉसरने आपल्या काव्यातल्या धनुर्धाऱ्याच्या कमरेला मोरपिसाचेच बाण खोचले होते. अ‍ॅस्कम म्हणतो, दिसायला छान, पण पीस जड आणि खरबरीत. बाण नीट समतोल जात नाही. ऐटीसाठी ज्यांनी ते घेतलं त्यांनी फायद्यासाठी ते सोडलं. विषय संपला. (आपल्याकडच्या धनुर्वेदात मात्र चालणाऱ्या पिसांच्या यादीत मोर आहे. मोर तोच, बाण वेगळे, धनुष्यं वेगळी. भांडण लावायला हरकत नाही.)

मग हंसाची आरती सुरू होते. मांस खायला, मऊ पिसं गादीला, मोठी पिसं लेखणीला आणि बाणाला. रोमवर गॉल लोक रात्री चालून आले तेव्हा कुत्री झोपली होती आणि हंसांनी कलकलाट करून किल्ला वाचवला, ती जुनी कथाही तो सांगून टाकतो. यातलं लेखणीचं सोडून देऊ नका. ज्या पक्ष्याच्या पंखातून अ‍ॅस्कम बाणाचं पीस निवडायचा त्याच पंखातल्या पिसाला टोक काढून तो ग्रीक उतरवायचा. मोत्यासारखं अक्षर म्हटलं ना, ते हंसाच्याच पिसाने आलेलं. पुस्तकवेडा आणि धनुष्यवेडा यांचं भांडण निदान त्या हंसाला तरी कळलं नसतं.

पुढे निवडीचे बारकावे. म्हाताऱ्या हंसाचं पीस ताठ आणि दणकट, वाऱ्याला तोंड देणारं. मंद, जड बाणाला ते बरं. तरुण हंसाचं पीस नाजूक, वेगवान बाणाला चांगलं. मात्र कापताना ते थोडं उंचच ठेवायचं, कारण वापरात ते लवकर बसतं. दलदलीच्या भागातल्या हंसाचं मांस जसं काळपट आणि जाड, तसंच पीसही राठ. एका गावच्या हंसाचं दुसऱ्या नंबरचं पीस दुसऱ्या गावच्या पहिल्या नंबरच्या पिसाहून सरस ठरू शकतं, असं चांगले कारागीर सांगतात, तेही तो नोंदवतो. पंखात टोकाचं पीस पहिलं, आणि बाणावरही तेच पहिलं. ते ओळखायचं कसं? न कापलेलं असेल तर त्याच्या बाकावरून, कापलेलं असेल तर वर पातळ, बुडाशी जाड आणि हाताला ताठ लागतं यावरून. बाण विकत घेणाऱ्याला हे माहीत हवं, नाहीतर दुकानदार देईल ते घ्यावं लागतं.

कापण्याचे आकारही दोन सांगतो. पाठ वर फुगलेली, डुकराच्या पाठीसारखी, आणि मधे खोलगट, खोगिरासारखी. फुगीर आकार जास्त हवा धरतो, त्यामुळे बाण मंदावतो. खोलगट आकार वाऱ्यापावसात भरवशाचा आणि सुळकन जाणारा. लांब, जड बाणाला लांब पीस, हलक्याला आखूड. तीन पिसांपैकी एक काळं किंवा करडं ठेवायचं, बाकीची पांढरी. म्हणजे बाण दोरीवर चढवताना तो कुठल्या बाजूने धरायचा हे रंगावरून एका नजरेत कळतं. गडबडीत विचार करावा लागू नये म्हणून रंग. कंपाउंडच्या बाणांतही एक पातं वेगळ्या रंगाचं ठेवण्याची पद्धत आहे, ती याचीच नातलग.

आणि त्याचा सगळ्यात आवडता सल्ला असा की भात्यात एकाच वजनाचे, एकाच उड्डाणाचे पण वेगवेगळ्या पंखांच्या पिसांचे बाण ठेवा. वारा आणि पीस एकाच बाजूला ओढू लागले तर बाण वाहवत जाईल. आज वारा डावीकडून, तर हा बाण. उजवीकडून, तर तो.

हा वारा त्याने पाहिला कुठे? अक्षरशः पाहिला. एका हिवाळ्यात तो घोड्यावरून यॉर्कशरमध्ये टॉपक्लिफहून बरोब्रिजला चालला होता. दोन्ही बाजूंच्या शेतांत यार्डभर बर्फ. रात्री गोठल्यामुळे वर कडक पापुद्रा, आणि सकाळी लख्ख ऊन, झोंबरा वारा. त्या वाऱ्याने बर्फाचा भुगा पापुद्र्यावरून वाहू लागला, आणि अ‍ॅस्कमला एकदम वारा दिसायला लागला. तो सलग नव्हता. इथे जोरात, तिथे शांत. बर्फाची एक धार सुसाट निघायची, मग अचानक थांबायची. जवळजवळच्या दोन धारांचे वेग वेगळे. जमिनीलगत एक चाल, वर दुसरी. ऊन चढल्यावर बर्फ विरघळू लागला आणि खेळ संपला. त्याला समजलं की आपण ज्याला वारा म्हणतो ते एक नसून हजार आहेत, आणि बाण त्या प्रत्येकातून जातो. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला हा सर्वोत्तम भाग. फिजिक्सचं पुस्तक नाही, प्रयोगशाळा नाही. थंडीत कुडकुडणारा एक ग्रीकचा मास्तर घोडा चालवता चालवता बर्फाकडे बघतोय, इतकंच.

एवढं जीव तोडून लिहिण्यामागे नुसतं प्रेम नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. धनुष्य तेव्हा मरणपंथाला लागलं होतं. बंदुका येत होत्या. पोरं तिरंदाजी सोडून फासे आणि इतर खेळांकडे वळली होती, म्हणून हेन्रीच्या सरकारने १५४१-४२ मध्ये कायदा केला. चोविशीच्या वरच्या माणसाने २२० यार्ड किंवा त्याहून जवळच्या लक्ष्यावर सरावाचा बाण मारायचाच नाही! म्हणजे सुमारे दोनशे मीटर. ऑलिम्पिकमध्ये आज अंतर सत्तर मीटर आहे. कायदा करून आवड टिकत नाही हे आपल्याला माहीत आहे; पण त्या वातावरणात धनुष्याची बाजू घेणारं पुस्तक राजाला आवडणार हे अ‍ॅस्कमला नेमकं कळलं होतं. ग्रिनिचच्या राजवाड्यातल्या गॅलरीत त्याने ते हेन्रीला भेट दिलं. राजा खूश झाला आणि वर्षाला दहा पौंडांचं पेन्शन चालू झालं. म्हणजे छंद खरा, आणि अर्जही खरा. दोन्ही एकाच पुस्तकात असू शकतात. त्यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

मग मात्र गाडी सुटली. १५४६ मध्ये तो युनिव्हर्सिटीचा अधिकृत वक्ता झाला. १५४८ मध्ये राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक विल्यम ग्रिंडल वारले. ग्रिंडल हा अ‍ॅस्कमचाच विद्यार्थी. चौदा वर्षांच्या एलिझाबेथने हट्टाने अ‍ॅस्कमलाच बोलावून घेतलं. सकाळी ग्रीक, दुपारी लॅटिन. त्याची पद्धत साधी होती आणि आजही वापरून बघण्यासारखी आहे: उतारा इंग्रजीत भाषांतर करायचा, पुस्तक मिटून ठेवायचं, काही वेळाने स्वतःच्या इंग्रजीवरून तो पुन्हा लॅटिनमध्ये लिहायचा आणि मग मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. चूक कुठे झाली ते मास्तरांनी ओरडून सांगायला नको, समोरच दिसतं. बाण कुठे पडला ते दिसतं, तसंच.

दोन वर्षांत घरच्या कारभाऱ्याशी बिनसलं आणि १५५० मध्ये तो तिथून बाहेर पडला. लगेच सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी जाणाऱ्या इंग्लिश वकिलाचा सेक्रेटरी म्हणून युरोपला निघाला. जाण्यापूर्वी लेस्टरशरमध्ये ब्रॅडगेटला तो लेडी जेन ग्रेला भेटायला गेला. घरची सगळी मंडळी बागेत शिकारीला गेलेली आणि ही कोवळी पोर खोलीत एकटी प्लेटो वाचत बसलेली, तोही ग्रीकमध्ये. शिकारीला का नाही गेलीस, असं त्याने विचारलं. आईवडिलांसमोर उठता-बसता चुकलं की चिमटे आणि बोलणी, शिक्षक मात्र मायेने शिकवतात, म्हणून पुस्तकच सुख वाटतं, असं तिच्या उत्तराचं सार. अ‍ॅस्कम ते विसरला नाही. चार वर्षांनी, १५५४ च्या फेब्रुवारीत, नऊ दिवसांची राणी ठरलेल्या त्या जेनचा शिरच्छेद झाला.

तिला मारणारी मेरी राणी कट्टर कॅथलिक, हा प्रोटेस्टंट. तरीही त्याच वर्षी मेरीने त्याला आपला लॅटिन सेक्रेटरी नेमलं आणि पेन्शन दहाचं वीस पौंड केलं. विद्वत्तेपेक्षा त्याचं अक्षर आणि त्याची भाषा इथे कामाला आली असावी. त्याच वर्षी मार्गारेट हाऊशी लग्न झालं. १५५८ मध्ये मेरी गेली, एलिझाबेथ राणी झाली आणि जुना मास्तर पुन्हा तिच्यासोबत ग्रीक वाचू लागला.

१५६३ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये प्लेग म्हणून दरबार विंडसरला होता. मंत्री विल्यम सेसिलच्या खोलीत जेवताना विषय निघाला की ईटन शाळेतली काही मुलं माराच्या भीतीने पळून गेलीत. मोठमोठी माणसं पंगतीला. काही छडीच्या बाजूची, काही विरोधात. अ‍ॅस्कम ठामपणे मुलांच्या बाजूने बोलला. शाळा म्हणजे मुलाला सुरक्षित वाटेल अशी जागा असली पाहिजे, हे त्याचं म्हणणं. जेवणानंतर सर रिचर्ड सॅकव्हिल यांनी त्याला गाठलं; लहानपणी मारकुट्या मास्तरामुळे माझी विद्येची गोडीच गेली, माझ्या नातवासाठी तरी हे लिहून काढ, अशी गळ घातली. त्यातून ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक सुरू झालं.

ते पुरं झालेलं बघायला तो उरला नाही. तब्येत कायमच तोळामासा. राणीला नव्या वर्षाची भेट म्हणून लॅटिन कविता लिहायची होती, त्यासाठी रात्री जागला, तापाने पडला आणि ३० डिसेंबर १५६८ रोजी वारला. वय त्रेपन्नच्या आसपास. लंडनच्या सेंट सेपल्कर चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याच्यापेक्षा दहा हजार पौंड समुद्रात गेले असते तरी परवडलं असतं, असं राणी म्हणाल्याचं सांगतात. जिवंतपणी वर्षाला दहा पौंडांपासून सुरुवात झालेल्या माणसाला हा हिशोब ऐकायला मिळाला नाही, आणि घरात तर पैसा नव्हताच. का नव्हता? इतिहासकार कॅम्डेनने लिहून ठेवलंय की फासे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांच्या नादाने तो गरिबीत जगला आणि गरिबीतच मेला. फाशांविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारा तोच हा माणूस. कोंबड्यांच्या झुंजीवर एक पुस्तक लिहिणार असल्याचं तर तो स्वतःच सांगून गेलाय; ते काही आपल्या हाती आलेलं नाही. जुगाराचं इतकं तपशीलवार वर्णन त्याने कुठून आणलं, हा प्रश्न निदान सुटतो.

‘द स्कूलमास्टर’ त्याच्या विधवेने, मार्गारेटने, १५७० मध्ये छापून घेतलं. पदरात लहान मुलं असताना. त्या पुस्तकाने त्याचं नाव शिक्षणाच्या इतिहासात पक्कं केलं. धनुष्याचं मात्र काही वाचलं नाही. १५९५ मध्ये, त्याचीच विद्यार्थिनी गादीवर असताना, इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की प्रशिक्षित लष्करी तुकड्यांत यापुढे धनुष्य मोजायचं नाही, बंदूकच हवी.

‘टॉक्सोफिलस’ निघालं त्याच १५४५ सालच्या जुलैमध्ये हेन्रीचं ‘मेरी रोझ’ नावाचं लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालं होतं. १९८२ मध्ये ते वर काढलं. आत शंभरावर धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण सापडले. बहुतेक काड्या पॉप्लरच्या. अ‍ॅस्कम लढाईच्या बाणासाठी अ‍ॅशच्या लाकडाचा आग्रह धरत होता, तो कुणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. पिसं समुद्राने खाऊन टाकली. पण काही काड्यांच्या मागच्या टोकाला गोंदाचा हिरवट थर राहिलाय, आणि त्यात पीस घट्ट बसावं म्हणून गुंडाळलेल्या बारीक दोऱ्याचे वेढे अजून मोजता येतात.